कातळखोलची बत्ती कोथरुडात

बत्ती विकली हे मला कळलं तेव्हा मी दुधाच्या पिशवीचं टोक कापत होतो. वाजला तो फोन प्रेमलाचा होता. प्रेमला म्हणजे माझी बायको. तिला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, पण तिचा फोन मी रोज चार्ज करतो. बंद का करत नाही, असं आमची मुलगी तनुजा बंगळुरूहून दर रविवारी विचारते. मी म्हणतो, करू.

फोन उचलला तर तिकडून प्रेमलाचा धाकटा भाऊ भार्गव एका दमात म्हणाला, "ताई, बत्ती विकली गं."

मी हॅलो म्हटलं. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "भावोजी, बोट सवयीनं त्याच नावावर गेलं."

"असू दे," मी म्हटलं. "कोणती बत्ती?"

कोणती बत्ती हे मला चांगलं माहीत होतं. पण काहीतरी बोलायला हवं होतं.

कातळखोल हे प्रेमलाचं माहेर. कोकणातलं एक लहान बंदर आहे, म्हणजे होतं. आता तिथे मासळीच्या चार होड्या आणि भरपूर चिखल आहे. तिथल्या कड्यावर एक लोखंडी दीपगृह उभं होतं. पुस्तकात त्याला दीपस्तंभ म्हणतात, पण कातळखोलात सगळे बत्ती म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, गोलाईत ओतलेले पत्रे एकमेकांना बोल्टने जोडून केलेला मनोरा, आत शिडी, वर काचेची खोली आणि तिच्याभोवती कठडा. इंग्रजांच्या काळात सगळे सुटे भाग बोटीतून आणून तिथे जोडलेले. उंची फार नाही. आमच्या सोसायटीत उभी केली तर दुसऱ्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंच्या बाल्कनीत डोकावेल, एवढीच. हे वाक्य मी पुढे एका सभेत बोललो आणि ते मला महागात पडलं.

माझे सासरे तिथे बत्तीवाले होते. प्रेमला त्या बत्तीतच वाढली. अभ्यास कठड्यावर, केस वाळवणं कठड्यावर, भांडण झालं की रुसून बसणंही कठड्यावर. लग्न होऊन ती कोथरुडला आली तेव्हा मी मोठ्या अभिमानाने तिला आमची बाल्कनी दाखवली. ती कठड्याला टेकून थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, समोर भिंतच आहे की." त्यावर मी म्हणालो होतो, सवय होईल. तिला सवय झालीही.

तर कातळखोलात आता सौर दिव्याचा खांब बसवला होता, त्यामुळे बत्ती निकामी ठरली आणि लिलावात एका भंगारवाल्याने घेतली. भार्गव म्हणाला, "गॅसनं कापून ट्रकात घालणार म्हणतात."

मी आयुष्यभर एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं आहे. बोल्टने जोडलेली वस्तू कापणार, हे मला सहन होईना. बोल्टची वस्तू उघडायची असते. बत्तीचं दुःख किती आणि बोल्टचं किती, हे मला त्या दिवशी नीट सांगता आलं नसतं. मी म्हणालो, "कापू देऊ नकोस. मी बोलतो." कोणाशी बोलणार हे मला माहीत नव्हतं. पण आवाज मी असा लावला की भार्गवला धीर आला.

बोलणं निघालं ते आधी शेजारच्या सुशीलाबाईंशी. त्या दोन डबे घेऊन आल्या होत्या. प्रेमला गेल्यापासून त्या मला भाजी देतात आणि सोबत मत देतात.

"दिगंबरराव," त्या म्हणाल्या, "माणूस गेल्यावर लोक बागेत बाक देतात. पाठीवर नाव घालून. देवळात पंखा देतात, त्याच्या पात्यांवर नाव असतं. तुम्ही एकदम दीपगृह?"

"मी देत नाहीये कोणाला. वाचवतोय."

"वाचवून ठेवणार कुठे?"

हा प्रश्न त्या दिवशी मला फारच खालच्या पातळीवरचा वाटला.

भंगारवाल्याचा पत्ता काढला. त्याचं नाव बजरंगशेठ आणि ऑफिस मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. वडिलांचा कांद्याचा गाळा होता, मुलगा लोखंडात गेला. मी त्याला सगळं सांगितलं. सासरे, बत्ती, कठडा, सगळं. त्याने चहा मागवला, मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "काका, माझं तुमच्या बत्तीशी काही वाकडं नाही. मला वजन पाहिजे. तेवढंच बीड-लोखंड दुसरीकडून द्या, बत्ती तुमची. उघडून द्यायला माणसं पण देतो."

मी विचारलं, "तेवढं लोखंड मी कुठून आणू?"

तो म्हणाला, "काका, तुम्ही सोसायटीत राहता ना?"

माणूस धंद्यात मुरलेला होता. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी लिफ्ट पडलेली होती. नवी लिफ्ट बसल्यापासून जुनीचा पिंजरा, रूळ आणि तिला तोलणारी बिडाची जाडजूड वजनं भिंतीला टेकून होती. ती कशी काढावी यावर दर सभेत चर्चा व्हायची आणि दर वेळी पुढच्या सभेवर जायची. मांजरांच्या तीन पिढ्या तिथे जन्मल्या. मला वाटलं, लिफ्ट कोणी नेतोय म्हटल्यावर लोक माझा सत्कार करतील.

मी सेक्रेटरींकडे गेलो. आमचे सेक्रेटरी उत्तरेश्वर, मूळचे बार्शीचे, बँकेतून निवृत्त. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लिफ्ट कोणाची?" त्यांनी विचारलं.

"सोसायटीची."

"मग तुम्हाला कशी हवी?"

"अहो, आपण सहा वर्षं ती कोणी न्यावी म्हणून वाट बघतोय."

"ते, कोणालाच नको होती तेव्हा. आता मागणी आली आहे. मागणी आली की ती मालमत्ता होते. विशेष सभा घ्यावी लागेल."

विशेष सभेला एरवी सात-आठ माणसं येतात. त्या दिवशी जास्तीच्या खुर्च्या आणाव्या लागल्या. लिफ्टबद्दल लोकांच्या मनात एवढं प्रेम असेल याची मला कल्पना नव्हती. एकजण म्हणाले, त्यांची आई याच लिफ्टमधून शेवटची खाली गेली. दुसरे म्हणाले, लिफ्टमध्ये पितळ आहे, ते आधी मोजा. तिसऱ्यांनी विचारलं की दीपगृह चालू असणार का, कारण दिवा फिरता असेल तर त्यांच्या बेडरूमवरून दर मिनिटाला प्रकाश जाईल आणि त्यांना आधीच झोप येत नाही. मी समजावलं की दिवा नाही, भिंग कधीच काढून नेलेलं आहे. तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "दिवा नसलेलं दीपगृह, समुद्र नसलेल्या गावात. बरोबर आहे."

मग उंचीचा प्रश्न आला आणि मी ते सुशीलाबाईंच्या बाल्कनीचं वाक्य बोललो. सुशीलाबाई उभ्या राहिल्या.

"कोण डोकावणार माझ्या बाल्कनीत?"

"अहो, कोणी नाही. उंची सांगतोय."

"वर कठडा आहे म्हणालात ना? कठड्यावर माणूस उभं राहतं. माझे कपडे वाळत असतात तिथे."

ठराव झाला. सभेने एकमताने मला लिफ्ट दिली. त्याच ठरावाच्या दुसऱ्या वाक्यात, तिच्या बदल्यात मिळणारी कोणतीही वस्तू सोसायटीच्या फाटकाच्या आत आणण्यास मनाई केली. उत्तरेश्वर मला बाहेर म्हणाले, "दिगंबरराव, अर्धं काम झालं. लोकांचं अर्धंही होत नाही."

वजनात लिफ्ट कमी भरली. तेव्हा मात्र शेजारी धावून आले. लोखंडी खाट, दोन गॅस शेगड्या, वजन कमी करण्याची सायकल, जी घेतल्यापासून कोणाचंच वजन कमी झालं नव्हतं. सुशीलाबाईंनी सासूबाईंची खाट दिली आणि देताना सांगितलं, "नाव घाला हं कुठेतरी. खाली घातलंत तरी चालेल." प्रत्येकाने हेच सांगितलं. सगळ्यांची नावं घातली असती तर बत्तीवर गंजायलाही जागा उरली नसती.

खर्चाचा तपशील मी देत नाही. तनुजाने मागितला होता, तिलाही दिला नाही.

बत्ती उघडायला मी स्वतः कातळखोलला गेलो. बजरंगशेठची माणसं बोल्टवर तेल सोडून एकेक पत्रा उतरवत होती आणि मी उतरलेल्या प्रत्येक पत्र्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घालत होतो. खालून पहिलं कडं, दुसरं कडं, डावीकडून पहिला पत्रा, दुसरा पत्रा. मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं. नंबर घातलेली वस्तू हरवत नाही, असं मी भार्गवला सांगितलंही. सगळं उतरल्यावर मी एसटीने पुढे आलो. ट्रक मागून येणार होता, भार्गव भरून देणार होता.

भार्गव मनाचा फार चांगला. मी निघाल्यावर तो त्या पत्र्यांकडे बघत बसला. ताईची बत्ती पुण्याला चालली आणि अशी गंजलेली, लोक काय म्हणतील, असं त्याला वाटलं. त्याने गावातून रेडऑक्साइडचे डबे आणले आणि दोन दिवस बसून प्रत्येक पत्र्याला दोन्ही बाजूंनी रंग दिला. ट्रक पुण्यात आला तेव्हा आत सगळं एकसारखं तांबडं होतं. माझा एकही नंबर शिल्लक नव्हता. मी फोन केला तर तो म्हणाला, "भावोजी, कसं दिसतंय?" मी म्हणालो, "छान दिसतंय."

तो ट्रक फाटकाबाहेर उभा राहिला, कारण आत यायला ठरावाने मनाई होती. मी जागेच्या परवानगीला निघालो. ज्या कचेरीत मला पाठवण्यात आलं तिचं नाव सांगत नाही. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "कशासाठी?"

"दीपगृह उभं करायचंय."

"कुठे?"

"कोथरुडात. रस्त्याच्या कडेला मोकळी जागा आहे, तिथे."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "समुद्र कोणत्या बाजूने येणार आहे?"

मी म्हणालो, समुद्र नाही, जुनी वस्तू आहे, जपायची आहे. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. त्यात मोबाइलचा मनोरा होता, पाण्याची टाकी होती, जाहिरातीचा फलक होता, पुतळा होता. दीपगृह नव्हतं. "पुतळा लिहू का?" त्यांनी विचारलं. "पण मग कोणाचा ते विचारतील, आणि त्यावरून भांडणं होतील." शेवटी 'इतर' राहिलं. ते म्हणाले, "इतर लिहिलं की अर्ज वर जातो. वर गेलेला अर्ज खाली आलेला मी अजून पाहिला नाही. पण मला इथे अकराच वर्षं झाली आहेत."

परत आलो तर ट्रकजवळ शंभू उभा होता. शंभू आमच्या चौकातल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. ट्रक नेमका मंडपाच्या जागेवर उभा होता.

"काका, हा कधी हलणार? उद्या मंडपाची पूजा आहे."

"जागा मिळाली की."

"आत काय आहे?"

"दीपगृह."

शंभूचा चेहरा पडला. त्याने आवाज खाली आणला. "कोणत्या मंडळाचं?"

मला आधी कळेना. मग समजलं की पुण्यात गणपतीच्या आधी ट्रकातून दीपगृह येत असेल तर ते कोणत्या तरी मंडळाच्या देखाव्यासाठीच येत असणार. ते माझं आहे म्हटल्यावर शंभूला फार आनंद झाला.

"काका, टेन्शन सोडा. मंडपाची परमिशन आपल्याकडे आहे. आत काय उभं करायचं ते आपण ठरवतो. बाप्पा पुढे, मागे दीपस्तंभ. कोकणचा देखावा! आणि स्पर्धेत नंबर आला ना, तर वर्षभर मंडळाच्या शेडमध्ये ठेवतो. शब्द."

"आणि नाही आला तर?"

"येणार काका. तुम्ही निगेटिव्ह नका बोलू."

मी हो म्हणालो. बत्ती उभी राहण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता.

मंडपवाल्याच्या माणसांनी ती जोडली. कड्यांचे आकार वर निमुळते होत जातात, त्यामुळे वरचं खाली होण्याची भीती नव्हती. पण दाराचा पत्रा कोणत्या दिशेला, हे नंबर गेल्यामुळे कोणालाच सांगता येईना. मी म्हणालो, रस्त्याकडे. ते म्हणाले, हो काका. संध्याकाळी पाहिलं तर दार सोसायटीच्या कुंपणभिंतीकडे आलं होतं आणि एक पत्रा उरला होता. त्या पत्र्याच्या जागी त्यांनी भगवं कापड ठोकलं. पण बत्ती उभी होती. समोरच्या पानवाल्याने हात जोडून बाप्पाला आणि चुकून तिलाही नमस्कार केला.

आता पुढचं ऐका. आमची बत्ती उभी राहिलेली पाहून पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाने रातोरात आपला देखावा बदलला. त्यांनी पुठ्ठ्याचं दीपगृह केलं. पांढरं, त्यावर लाल पट्टे, वर फिरता दिवा, खाली निळ्या कापडाचा समुद्र, कापडाखाली पंखे लावून लाटा आणि स्पीकरवर गाज. तिकडे रांग लागली. आमच्याकडे लोक येऊन विचारायचे, "टाकी आहे का?" मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून तिथे उभा राहायचो आणि सांगायचो, नाही, हे खरं दीपगृह आहे. लोक म्हणायचे, "हो का?" आणि विचारायचे, "पलीकडच्या गल्लीत कसं जायचं?" एका बाईंनी तर मला विचारलं, "काका, पाणी किती वाजता सुटतं?"

शंभू म्हणाला, "काका, थोडे पट्टे मारू या का?" मी नाही म्हणालो. तेव्हापासून तो माझ्याशी जरा तुटक वागू लागला.

मग परीक्षक आले. तिघेजण, गळ्यात ओळखपत्रं. त्यातल्या मुख्य परीक्षकांनी बत्तीवर बोटाने टकटक केलं.

"फायबर?"

"लोखंड," मी म्हणालो. "बीड."

"वा. इफेक्ट चांगला आलाय."

"इफेक्ट नाही. लोखंडच आहे."

ते दुसऱ्या परीक्षकांकडे वळले. "लोखंड वापरलंय म्हणजे पर्यावरणपूरकचे गुण जातील." तिसऱ्या परीक्षक बाईंनी दार शोधत बत्तीला एक फेरी मारली आणि भिंतीपाशी अडकल्या. त्यांना बाहेर काढल्यावर त्या म्हणाल्या, "रचनेत थोडी गडबड आहे. मूळ दीपगृहं अशी नसतात."

मी म्हणालो, "हे मूळच आहे."

त्या माझ्याकडे पाहून हसल्या. म्हातारा मनापासून काम करतो, असं ते हसणं होतं.

बक्षीस समारंभ एका सभागृहात होता. शंभू मला मुद्दाम पहिल्या रांगेत घेऊन गेला. पुठ्ठ्याच्या दीपगृहाला दुसरा क्रमांक मिळाला. टाळ्या झाल्या. मग निवेदकाने आमचं नाव घेतलं. उत्तेजनार्थ. शंभूने माझ्या मांडीवर थाप मारली. "काका, नंबर म्हणजे नंबर! शेड फिक्स!"

आम्ही स्टेजवर गेलो. शंभूच्या हातात ढाल आली. निवेदक माइकवर वाचत होता, "कलाकारांच्या कल्पनेतून साकारलेला हा दीपस्तंभ..."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बत्ती वर्षभर शेडमध्ये राहिली असती, पुढचं पुढे पाहिलं असतं. पण माझे पाय माइककडे गेले. मी म्हणालो, "कल्पनेतला नाही. माझे सासरे त्यात रोज दिवा लावायचे. माझी बायको त्यात लहानाची मोठी झाली. ती नाहीये आता. पण ती कल्पनेतली नव्हती."

मुख्य परीक्षक उठून पुढे आले. "म्हणजे ही खरी वस्तू आहे?"

"हो. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय."

त्यांनी बाकीच्या दोघांशी कुजबुज केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून फार सभ्यपणे म्हणाले, "काका, भावना समजल्या. पण स्पर्धा देखाव्यांची आहे. देखावा करावा लागतो. आयता आणलेला चालत नाही. नियमात आहे."

ढाल परत घेतली. ती पुढच्या मंडळाला दिली, ज्यांचा विषय प्रामाणिकपणा होता.

रिक्षात शंभू आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, "काका, छोटी होती. पण ढाल होती." सभागृहात लागलं नव्हतं तेवढं ते मला लागलं. घराजवळ उतरताना तो म्हणाला, "शेडचं मी कार्यकर्त्यांना कसं सांगू, तुम्हीच सांगा." मी म्हणालो, "सांगू नकोस."

विसर्जन झालं. मंडप उतरवायला माणसं येणार होती. बजरंगशेठचा फोन आला. त्याला कुठून तरी कळलं होतं. "काका, जागा नसेल तर मी परत घेतो. वाईट वाटून घेऊ नका. पण या वेळी कापूनच नेईन, परत उघडत बसायला माणसं नाहीत." मी म्हणालो, दोन दिवस दे. दोन दिवसांत काय होणार होतं, ते मला माहीत नव्हतं. उत्तरेश्वरांकडे गेलो. ते म्हणाले, "ठराव बदलायचा तर सभा, सभेला नोटीस. तोवर तुमचं दीपगृह कपाटात मावेल अशा मापाचं झालेलं असेल." मग म्हणाले, "जेवलात का?" त्यांनी मला पोहे दिले. ते बार्शीचे असले तरी पोहे चांगले होते.

दरम्यान एका स्थानिक वर्तमानपत्रात कोपऱ्यात चौकट आली: देखावा खरा निघाल्याने बक्षीस रद्द. सोसायटीच्या ग्रुपवर ती एकवीस जणांनी टाकली, सोबत हसणारे चेहरे. मी फोन उलटा ठेवला. तनुजाचा फोन आला. मला वाटलं तीही हसणार. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आईबद्दल माइकवर बोललात? तुम्ही?" मग रडली. मी तिला म्हणालो, तो विषय वेगळा होता, मुद्दा नियमांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाजवळ एक मुलगी उभी होती. म्हणजे बाई, तिशीची असेल. पाठीवर सॅक. तिनेही बत्तीवर बोटाने टकटक केलं. मी लांबूनच ओरडलो, "लोखंड आहे!"

"ते दिसतंय," ती म्हणाली. "रेडऑक्साइड कोणी मारलं?"

"मेहुण्याने."

"चांगलं केलं त्याने. पण आतून ओतशाळेचं नाव झाकलं गेलं असेल." ती भिंतीच्या फटीतून सरकून दारापर्यंत गेली, आत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आतून खरवडल्याचा आवाज येत होता. मग तिने हाक मारली, "काका, या, अक्षरं सापडली."

तिचं नाव भाग्यश्री. वारज्याजवळ एका ट्रस्टचं जुन्या यंत्रांचं संग्रहालय आहे, तिथली ती व्यवस्थापक. बातमी वाचून आली होती. मी तिला विचारलं, "तुमच्याकडे खरी वस्तू चालते का?"

ती म्हणाली, "आमच्याकडे खरीच लागते. नाहीतर लोक येत नाहीत. तशी खरी असली तरी येत नाहीत." त्या आठवड्यात बत्ती खरी आहे म्हणून हवी म्हणणारी ती पहिलीच.

ट्रस्टींनी दोन दिवसांत होकार दिला. बजरंगशेठने ट्रक दिला, फुकट. म्हणाला, "वर्तमानपत्रात माझं नाव आलं तर बघा." शंभू आणि त्याचे कार्यकर्ते बोल्ट उघडायला आले, न बोलावताच. मंडपवाल्याची माणसंही होती. या वेळी नंबर खडूने घातले आणि मी स्वतः ट्रकात बसून गेलो. भार्गवला सांगितलं, रंग घेऊन येऊ नकोस.

दाराची दिशा मात्र अजून नक्की नव्हती. भार्गवने घरातून एक जुना फोटो शोधून पाठवला. त्यात प्रेमला दोन वेण्या घालून बत्तीच्या दारात उभी आहे आणि कोणावर तरी चिडलेली आहे. भाग्यश्रीने फोटो मोठा करून मागचा कडा, दार आणि बोल्ट पाहिले. बाकीचं मी पाहिलं. त्या फोटोवरून दार बरोबर बसलं. उरलेल्या पत्र्यालाही त्याची जागा सापडली, आणि ते भगवं कापड शंभू घडी घालून घेऊन गेला.

उद्घाटनाला अख्खी सोसायटी बस करून आली. उत्तरेश्वर पाहुण्यांना सांगत होते की हे मुळात आमच्या लिफ्टमुळे शक्य झालं. सुशीलाबाईंनी पदराने कपाळ पुसलं, बत्तीकडे वर बघितलं आणि म्हणाल्या, "आपल्या फाटकाशी किती शोभली असती हो. तुम्हीच मागे हटलात." मी मान डोलावली. त्यांनी आदल्या दिवशी मेथीची भाजी दिली होती.

शंभू उशिरा आला, कोपऱ्यात उभा राहिला. मी जवळ गेल्यावर म्हणाला, "काका, वर जाता येतं का?"

भाग्यश्रीने तेच सांगायला मला बाजूला घेतलं होतं. जोडताना लक्षात आलं की शिडीच्या सगळ्यात वरच्या दोन पायऱ्या नाहीत. बोल्टच्या खुणा आहेत, पायऱ्या नाहीत. शंभू हे ऐकून ओशाळला. उत्सवात पोरं वर चढून सेल्फी काढतील म्हणून त्याने पहिल्याच दिवशी त्या काढून ठेवायला लावल्या होत्या. कुठे ठेवल्या ते काढणाऱ्याला माहीत आणि काढणारा मंडपवाल्याचा माणूस. मंडपवाला तेव्हा नवरात्रात गुंतलेला होता. मग दिवाळी आली, आता लग्नं सुरू आहेत. त्याच्या गोदामात बांबू आणि लोखंडाचा डोंगर आहे. शंभू रविवारी तिथे जाऊन शोधतो, मीही दोनदा जाऊन आलो. नवीन पायऱ्या करून घेऊ, असं मी भाग्यश्रीला सुचवलं. ती म्हणाली, "काका, आधी मूळच्या शोधू. तुम्हीच तर सांगत होता, खरी वस्तू म्हणून."

म्हणून शोधणं चालू आहे.

मी आठवड्यातून एकदा बसने तिथे जातो. तिकीट घेत नाहीत माझ्याकडून. आतल्या शिडीने जिथपर्यंत पायऱ्या आहेत तिथपर्यंत चढतो. तिथून वरच्या काचा दिसतात आणि कठड्याचा खालचा भाग दिसतो. पलीकडचं काही दिसत नाही. गुडघे दुखायला लागले की उतरतो.

दोन पायऱ्या अजून सापडलेल्या नाहीत. मी अजून कठड्यावर गेलेलो नाही.